अनेक भाषांचा गाणारा गट कसा उभा करायचा: पहिल्या तालमीपासून पहिल्या मदतनिधीपर्यंत

वेगवेगळ्या देशांतून आलेली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसं एकाच वस्तीत राहतात, जिन्यात भेटली की हसतात, आणि ओळख तिथेच थांबते. अशा माणसांना गाण्याच्या निमित्ताने एकत्र आणावं, आणि गाता गाता एखाद्या चांगल्या संस्थेला हातभार लावावा, असं तुमच्या मनात असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहिलं आहे. मी या वाटेने गेले आहे. कुठून सुरुवात करायची, कोणते कागद लागतात, माणसं कशाने दुखावतात, हे तेव्हा कुणी क्रमाने सांगितलं असतं तर फार सोपं गेलं असतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचा प्रत्येक सल्ला तिच्यावर उभा आहे. माणसं जोडली जातात ती तालमीत. कार्यक्रम वर्षातून दोन-तीनदा होतो, तालीम दर आठवड्याला असते. म्हणून कुठलाही निर्णय घेताना 'याने कार्यक्रम चांगला होईल का' हे नंतर विचारा. आधी विचारा, 'याने नव्या माणसाला तालमीला येणं सोपं जाईल का?'

ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्याने सुरू झालेले गाण्याचे वर्ग आणि हस्तकला व लेखनाचे वर्ग त्यांनी सात महिने पाहिले. शेवटी सगळ्याच वर्गांतली माणसं सारखीच जवळ आली होती, पण गाणाऱ्यांची गट्टी पहिल्या महिन्यातच जमली होती. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पहिल्या चार तालमींत लोकांना भरपूर गाऊ द्या. समिती, वर्गणी, नियमावली या चर्चा तोवर थांबू शकतात.

१. गट कशासाठी, ते एका पानावर लिहा

तीन गोष्टी लिहायच्या: कोण येऊ शकतं, कुठली गाणी गायची आणि जमा होणाऱ्या पैशाचं काय करायचं.

'कोण येऊ शकतं' याचं उत्तर माझ्या मते एकच: ज्याला यायचंय तो. आवाजाची चाचणी ठेवू नका. चाचणी ठेवली की ज्यांना अशा गटाची सगळ्यात जास्त गरज आहे, म्हणजे नव्या जागी एकटी पडलेली, भाषा धड न येणारी माणसं, तीच आधी गळतात. 'मला सुरात गाता येत नाही' असं सांगणाऱ्या बहुतेकांना स्वतःच्या पट्टीत गायची संधीच कधी मिळालेली नसते. सूर खरोखर ओळखता न येणारी माणसं फार थोडी असतात. बाकीच्यांना पक्क्या सुराच्या माणसाशेजारी उभं करा, काही आठवड्यांत कान तयार होतो.

इथला नेहमीचा घोळ म्हणजे 'सगळ्यांना घ्यायचं आणि स्पर्धाही जिंकायच्या'. दोन्ही कामं चांगली आहेत, पण एका गटात दोन्ही बसत नाहीत. काय निवडलंय ते पानावर स्पष्ट असू द्या, म्हणजे सहा महिन्यांनी भांडण होत नाही.

२. पहिली पंधरा माणसं जमवा

फलक लावून फार लोक येत नाहीत. 'या गुरुवारी माझ्याबरोबर चला' असं कुणी म्हटलं की येतात. त्यामुळे आधी अशी चार-पाच माणसं शोधा जी आपापल्या मंडळींत ओळखीची आहेत: नवी भाषा शिकवणाऱ्या वर्गाच्या बाई, ग्रंथालयातला कर्मचारी, प्रार्थनास्थळाचा कार्यकर्ता, शाळेबाहेर पालकांशी बोलणारी आई. प्रत्येकाने दोन-तीन जण आणले की गट उभा राहतो.

पहिल्या पंधरांत एकाच भाषेचे आठ जण असतील तर मधल्या सुट्टीत तीच भाषा चालते, आणि उरलेले हळूहळू यायचे थांबतात. आपण मराठी माणसं एकत्र आलो की हे आपल्याही हातून होतं. म्हणून कुठल्याही एका भाषेचे लोक पहिल्या टप्प्यात एक-तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. आपल्याच ओळखीच्या दोघांना 'महिन्याभराने या' असं सांगावं लागलं तरी चालेल.

प्रत्येकाला नावाची पट्टी द्या. तिच्यावर नाव त्याच्या लिपीत आणि खाली सगळ्यांना वाचता येईल अशा लिपीत असावं. पहिल्या तालमीत नावं म्हणूनच दाखवायची: एकाने आपलं नाव जसं घरी हाक मारतात तसं म्हणायचं, बाकीच्यांनी तसंच परत म्हणायचं. आपलं नाव कुणी नीट उच्चारलं की परक्या जागीही माणूस सैलावतो, आणि हाच पुढच्या उच्चारांचा पहिला धडाही होतो.

३. गाणं बसवणारा माणूस

याला वाद्यवृंदासमोर काठी हलवायला यायला हवी असं नाही. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहायची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता आलं तर उत्तम, नाही आलं तरी अडत नाही. त्याला तीन गोष्टी मात्र यायलाच हव्यात: ओळ स्वच्छ गाऊन दाखवणं, वीस आवाजांत चुकणारा सूर कुठून येतोय ते ऐकणं, आणि चूक कुणाची आहे ते न सांगता ती सुधारणं.

शास्त्रीय संगीत शिकलेल्या आपल्या मंडळींसाठी एक आपुलकीची सूचना. हरकती, मुरक्या, मींड हे आपलं वैभव आहे, पण समूहात एकानेच मुरकी घेतली तर ती बेसूर ऐकू येते. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्यांच्या आवाजातल्या कंपनाचंही तसंच. समूहात सरळ सूर लावायचा. हरकत घ्यायचीच असेल तर सगळ्यांनी तीच, त्याच जागी.

शक्य असेल तर या माणसाला मानधन द्या. फुकट काम करणारा माणूस दमला की गट बंद पडतो. आणि पहिल्या दिवसापासून एक सहायक तयार करा, ज्याच्या हाती महिन्यातून एक गाणं पूर्ण सोपवलेलं असेल.

४. जागा, वेळ आणि सामान

तळमजला, चाकाची खुर्ची आत जाईल असं दार, बसथांब्याजवळ, आणि मोठ्या उघड्या खिडक्या. खिडक्यांबद्दल गंभीर राहा. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट काउंटीत एका गायनगटाच्या एकाच तालमीतून पन्नासहून अधिक लोकांना कोविड झाल्याचं नोंदलं गेलं, त्यात दोघांचा जीव गेला. गाताना माणूस खोल श्वास घेतो आणि जोराने सोडतो, म्हणून हवा खेळती हवीच. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने घरी राहायचं, हा नियम प्रेमाने पण ठामपणे पाळा.

तालीम दीड ते दोन तासांची, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. वर्षाचं वेळापत्रक करताना सगळ्यांचे सणवार विचारून घ्या. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असल्याने रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे मागच्या वर्षीचं वेळापत्रक तसंच उचलून चालत नाही.

सामान थोडकंच लागतं: छोटा की-बोर्ड किंवा पेटी (निदान सूर मिळवायला ४४० हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क), हात नसलेल्या खुर्च्या, मोठा पांढरा फळा, आवाज मुद्रित करायला फोन, पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि मोठ्या टायपात छापलेल्या शब्दांच्या फायली. खुर्च्या गोलात मांडा. रांगा केल्या की मागचे लोक मागेच राहतात.

५. गाणी निवडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

माझा पक्का आग्रह आहे की गाणं ज्याचं आहे त्याने ते आणावं. सभासदाने स्वतःच्या घरात, गावात ऐकलेलं गाणं समोर बसून शिकवलं की दोन गोष्टी होतात. गटाला खरा उच्चार आणि खरी लय मिळते. आणि ज्या माणसाला एरवी प्रत्येक ठिकाणी विद्यार्थी व्हावं लागतं, तो त्या दिवशी शिक्षक असतो. नवी भाषा अडखळत बोलणारी बाई आपल्या भाषेतली ओळ वीस जणांकडून बसवून घेताना कशी ताठ उभी राहते, ते एकदा बघा.

गाणं आणणाऱ्याला हे प्रश्न एकांतात विचारा: हे गाणं कधी गातात? कुणी गायलं तर चालत नाही? यात देवाचं नाव आहे का? हे कुठल्या पक्षाचं, लढ्याचं, सैन्याचं गाणं म्हणून ओळखलं जातं का? काही गाणी फक्त अंत्यविधीला गातात, काही फक्त बायकांनी किंवा फक्त पुरुषांनी गायची असतात, काही ठरावीक ऋतूतच. हे आधी कळलं तर मान राखता येतो.

धार्मिक गाण्यांबद्दल गटात सुरुवातीलाच एक नियम करा: कुठलंही गाणं न गाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि कारण सांगायची गरज नाही. त्या गाण्यापुरतं त्याने बसून ऐकावं. हा नियम तोंडी न ठेवता लिहून ठेवा. राष्ट्रगीतं मी सरळ टाळते. एकाच प्रदेशातून पण वेगवेगळ्या बाजूंनी आलेली माणसं गटात असतात, आणि एकाच्या अभिमानाचं गाणं दुसऱ्याच्या घर सुटण्याची आठवण असू शकतं.

रचनेच्या दृष्टीने सुरुवातीला हे चार प्रकार घ्या:

झील धरायची गाणी. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. जगातल्या बहुतेक लोकसंगीतांत हा प्रकार आहे. नव्या माणसाला फक्त उत्तराची ओळ यावी लागते, म्हणून तो पहिल्याच दिवशी गाऊ लागतो.

आवर्तनाची गाणी, ज्यांना राउंड म्हणतात. तीच चाल तीन गटांनी एकामागून एक सुरू करायची. चाल एकच शिकायची, पण ऐकायला तीन स्वरपट्ट्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तीन वेगळ्या ओळी.

षड्ज धरून गायची गाणी. अर्धा गट 'सा' किंवा 'सा-प' लांबवतो, उरलेला चाल गातो. आपल्याला तानपुऱ्यामुळे हे लगेच जमतं, आणि जॉर्जिया देशापासून बल्गेरियापर्यंत अनेक ठिकाणच्या लोकगायनात असा धरलेला सूर असतोच.

एकाच चालीवर अनेक भाषांची कडवी. दक्षिण आफ्रिकेच्या १९९७ पासूनच्या राष्ट्रगीतात पाच भाषा आहेत, तेव्हा एका गाण्यात दोन-तीन भाषा मावतात यात शंका नको.

सोप्रानो, आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर, बास (पुरुषांचे उंच आणि खालचे आवाज) अशी चार आवाजांची मांडणी दुसऱ्या वर्षी बघा. टेनर मिळणं सगळीकडेच कठीण असतं. शिवाय कुठल्याही स्वरपट्टीत निदान तीन माणसं असल्याशिवाय ती वेगळी करू नका. दोनच जण असले की त्यांच्या सुरांतला बारीक फरकही उघडा पडतो, तिसरा आला की आवाज मिसळतो.

६. एक ओळ कशी शिकवायची

शब्दांचा कागद पहिल्या मिनिटाला वाटू नका. कागद हातात आला की सगळ्यांची मान खाली जाते आणि कान बंद होतात. मला उपयोगी पडलेला क्रम असा:

शिकवणाऱ्याने ओळ दोनदा गायची, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. मग ओठ मिटून चाल गुणगुणायची. मग टाळीवर फक्त शब्द, न गाता, अगदी हळू. मग ओळीच्या शेवटच्या शब्दापासून मागे येत शब्द जोडत जायचे, कारण शेवट पक्का असला की माणूस ओळ सोडून देत नाही. त्यानंतर शब्द आणि चाल एकत्र. प्रत्येक ओळीचा अर्थ शिकवणाऱ्याने आपल्या शब्दांत सांगायचा, आणि कुठल्या शब्दावर भार आहे तेही. चार ओळी झाल्यावर कागद द्यायचा.

कागदावर तीन ओळी एकाखाली एक: मूळ लिपी, उच्चार, अर्थ. उच्चाराची ओळ प्रत्येकाने आपापल्या लिपीत स्वतःच्या हाताने लिहावी. छापील रोमन उच्चारावर विसंबलात तर गडबड होते. आपलं 'मन' आणि 'मान' रोमन लिपीत बहुतेक वेळा एकसारखंच लिहिलं जातं.

आपलं मराठी गाणं शिकवायची वेळ आली की लक्षात येतं, 'ख', 'घ', 'छ', 'भ' हे आवाज अनेकांच्या भाषेत वेगळे नाहीतच. तोंडासमोर तळवा धरायला सांगा. 'क' म्हटल्यावर तळव्याला हवा जाणवत नाही, 'ख' म्हटल्यावर हवेचा झोत लागतो. एका मिनिटात काम होतं. 'ळ'साठी जिभेचं टोक मागे वळवून टाळ्याला लावायला सांगायचं. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन 'च' मात्र ऐकूनच शिकतात.

आपणही देवनागरीवर फार विसंबू नये. फ्रेंच नाकातले स्वर, अरबीतला घशाच्या तळातून येणारा श्वास, चिनी भाषेतले चढउतार देवनागरीत पकडता येत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेत जीभ टाळ्यावरून, दातांमागून किंवा गालाच्या बाजूने सोडवून काढायचे तीन मुख्य 'टक्' आवाज आहेत, आणि ते लिहायला अनुक्रमे रोमन क्यू, सी आणि एक्स ही अक्षरं वापरतात. ती वाचून काही कळत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

घरी सरावासाठी शिकवणाऱ्याच्या आवाजात दोन ध्वनिमुद्रणं करा: एकदा शब्द हळू बोलून, एकदा गाऊन. ती फक्त गटात वापरायची असं आधीच ठरवा.

७. पट्टी, सरगम आणि लय

आपल्याकडे गायक म्हणतो 'माझी काळी एक', गायिका म्हणते 'माझी काळी पाच' (पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सप्तकात डावीकडून मोजायच्या), आणि साथीदार पेटीवर हात सरकवतो. समूहात सगळ्यांचा 'सा' एकच. बायका आणि पुरुष एक सप्तक अंतराने तीच चाल गातात. त्यामुळे चालीचा सगळ्यात खालचा सूर पांढरी सहाच्या खाली जाऊ नये आणि सगळ्यात वरचा सूर तिथून एक पूर्ण सप्तक ओलांडल्यावर येणाऱ्या पांढरी दोनच्या वर जाऊ नये, अशी पट्टी निवडा. या हद्दीत बहुतेक अप्रशिक्षित आवाज मोकळे राहतात. एखादं गाणं त्यात मावतच नसेल तर ते गाणं एकट्याने गायचं आहे.

सुरांची नावं सांगताना जपून. आपला 'सा' सरकतो. इंग्रजी पद्धतीच्या टॉनिक सोल-फामधला (डो-रे-मी अशा नावांच्या सरगमीतला) 'डो' देखील सरकतो. पण फ्रान्स, इटली, स्पेनमधून आलेल्यांचा 'डो' म्हणजे कायम पांढरी एक. मग एकाच खोलीत दोघं बरोबर असून एकमेकांना चुकीचे वाटतात. यातून सोपी सुटका म्हणजे आकडे: १ ते ७. चीन आणि इंडोनेशियात आकड्यांची स्वरलिपी रुळलेली आहे, त्यामुळे तिथल्या सभासदांना तर हे घरचंच वाटतं.

लयीत मात्र आपल्याला एक देणगी आहे. सात मात्रांचं गाणं आलं की अनेकजण गोंधळतात. रूपक ताल माहीत असलेला माणूस ३-२-२ सहज धरतो. मॅसेडोनियाच्या कितीतरी लोकगीतांची लय नेमकी तशीच असते, बल्गेरियात २-२-३ अशीही सापडते. टाळी धरायचं काम आपल्याकडच्या कुणाला तरी द्या.

विनासाथ गाताना सूर उतरतो, सगळ्यांचाच. वारंवार उतरत असेल तर ओरडून उपयोग नाही. बसलेल्यांना उभं करा, लय किंचित वाढवा, आणि तरीही जमलं नाही तर पट्टी अर्ध्या सुराने बदलून बघा. बऱ्याचदा तेवढ्याने गाडी रुळावर येते.

८. गाण्यांचे हक्क

'पारंपरिक आहे' म्हणून सोडून देऊ नका. रचनाकारांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतो. भारतात तो ६० वर्षं आहे, युरोपीय संघात ७०. चाल जुनी असली तरी तिची समूहासाठी केलेली मांडणी कुणाची तरी असू शकते आणि तिचा हक्क वेगळा असतो. छापील स्वरलिपीच्या छायाप्रती काढून वाटणं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे.

'कार्यक्रम मदतीसाठी आहे, मग परवाना कशाला' हा समज महागात पडतो. देशागणिक नियम वेगळे आहेत. सभागृहाकडे सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना आहे का आणि त्यात तुमचा कार्यक्रम बसतो का, हे लेखी विचारून घ्या.

९. पैसा आणि मदतीची संस्था

दोन थैल्या, आणि त्यांची सरमिसळ कधीच नाही. एक गटाच्या खर्चाची: वर्गणी, जागेचं भाडं, मानधन, छपाई. दुसरी लोकांनी मदतीसाठी दिलेल्या पैशाची. बँकेत खातं गटाच्या नावाने, दोन सह्यांशिवाय पैसे न निघणारं. कुणाच्याही वैयक्तिक खात्यात एक दिवसासुद्धा पैसे ठेवू नका. माणूस कितीही सज्जन असला तरी संशय त्याच्या सज्जनपणाला बघत नाही.

वर्गणी 'परवडेल तेवढी' ठेवा आणि कोण किती देतो हे फक्त खजिनदाराला माहीत असू द्या. गटात नोकरी शोधणारे, शिकणारे, एकट्याने घर चालवणारे असतात. वर्गणीमुळे कुणी यायचं थांबलं तर गट कशासाठी काढला?

संस्था निवडताना सभासदांकडून नावं मागवा आणि मतदान घ्या. मतदानाआधी प्रत्येक नावाबद्दल हे तपासा: संस्था नोंदणीकृत आहे का, तिचे वार्षिक हिशेब बघायला मिळतात का, आपल्यासारख्या छोट्या रकमेतून ती नेमकं काय करेल, आणि आपल्यापैकी कुणाचे तिच्याशी नातेसंबंध आहेत का. शेवटचा प्रश्न अवघड वाटतो, पण नातं असणं गैर नाही, लपवणं गैर आहे. ज्याचं नातं आहे त्याने ते सांगावं आणि मत देऊ नये.

परदेशातल्या गरजेसाठी पैसे पाठवायचे असतील तर तिथल्या ओळखीच्या माणसाच्या हाती देऊ नका, तिथे काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फतच पाठवा. बँकेचे आणि सरकारचे नियम इथे कडक असतात.

संस्थेशी आधी बोला, हे फार लोक विसरतात. त्यांचं नाव जाहिरातीत वापरायला लेखी परवानगी लागते. आणि कधी कधी त्यांना पैशापेक्षा दुसरंच काही हवं असतं: महिन्यातून एकदा वृद्धांसमोर गाणं, मुलांना गाणी शिकवणं. तेही मदतच आहे.

पैसा कुठे जाणार ते तिकिटावर छापा. मदतीसाठी गाणं ही जुनीच रीत आहे. १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये संगीतकार हॅन्डेलच्या एका मोठ्या समूहगायनाचा पहिला प्रयोग झाला तो अशाच कामासाठी, आणि त्यातून कर्जापायी तुरुंगात पडलेले १४२ जण सुटले. जागा पुरावी म्हणून बायकांनी घेरदार झग्याखालचे सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी जाहीर विनंतीही केली होती. लोकांना नेमकं काम सांगितलं की ते अडचण सोसूनही येतात. 'गरजूंसाठी' एवढंच लिहिलं तर येत नाहीत.

जमा रकमेतून खर्च वजा करून देणार की सगळी रक्कम देणार, हेही आधीच जाहीर करा. माझ्या मते कार्यक्रमाचा खर्च वर्गणीतून भागवावा आणि प्रेक्षकांनी दिलेलं सगळं संस्थेला जावं. हिशेब सोपा होतो आणि मान ताठ राहते. दानपेट्या बंद आणि सील केलेल्या असाव्यात, मोजायला दोघं बसावीत, आकडा दोघांच्या सहीने लिहावा. सार्वजनिक जागी डबा फिरवायला बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते, ती विचारा.

१०. पहिला कार्यक्रम

तीन-चार महिन्यांत, पाच-सहा गाण्यांचा, अर्ध्या तासाचा. स्वतःचं सभागृह घेऊ नका. ज्या संस्थेला मदत करायची तिच्याच एखाद्या मेळाव्यात गा. प्रेक्षक आधीच असतात आणि खर्च जवळजवळ नसतो.

प्रत्येक गाण्याआधी ते आणणाऱ्याने दोन वाक्यं बोलावीत, आधी आपल्या भाषेत, मग सगळ्यांना समजेल त्या भाषेत. शेवटचं गाणं झील धरायचं ठेवा आणि उत्तराची ओळ प्रेक्षकांना शिकवा.

'सगळ्यांनी आपापला पारंपरिक पोशाख घाला' असा आग्रह आयोजक हमखास धरतात. आपणहून कुणी घातला तर छानच, पण सक्ती नको. माणूस गायला आला आहे, त्याला देखावा करू नका. दोन रंग ठरवा, त्यात ज्याला जे हवं ते.

छायाचित्रांची परवानगी प्रत्येकाकडून लेखी घ्या. देश सोडून जीव वाचवायला आलेल्यांना, घरातल्या छळातून बाहेर पडलेल्यांना आपला चेहरा इंटरनेटवर दिसणं धोक्याचं असतं. ज्यांना नको त्यांना एका बाजूला उभं करा, म्हणजे चौकटीतून वगळता येतं, आणि त्यामागचं कारण चारचौघांत विचारू नका.

कार्यक्रमानंतर आठवड्याभरात रक्कम संस्थेला पोहोचवा, पावती घ्या, आणि जमा-खर्चाचं एक पान सभासदांना व देणाऱ्यांना पाठवा.

११. कोणते कागद लागतील

गटाची एक-दोन पानी नियमावली, पदाधिकाऱ्यांच्या नावांसह. बँकेसाठी सही करणाऱ्यांचे ओळख आणि पत्त्याचे पुरावे. जागेचा करार. सार्वजनिक दायित्वाचा विमा (अनेक सभागृहं त्याशिवाय जागा देत नाहीत). सभासद अर्ज, त्यात आणीबाणीत कुणाला कळवायचं, काही आजार आणि छायाचित्राची परवानगी. मुलं येणार असतील तर पालकांची संमती आणि मुलांसोबत काम करणाऱ्यांची तुमच्या देशात लागते ती पडताळणी; हे झाल्याशिवाय मुलांना घेऊ नका. मदत घेणाऱ्या संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, तिचं संमतीपत्र आणि पावत्या.

आणि एक गाण्यांची वही: गाण्याचं नाव, भाषा, कुणी शिकवलं, कधी गातात, हक्कांची स्थिती, पट्टी, ध्वनिमुद्रण कुठे ठेवलंय. यात शिकवणाऱ्याचं नाव त्याला विचारून लिहा.

सगळ्याची प्रत दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा. सचिव किंवा खजिनदार बदलला की त्याच आठवड्यात बँकेतल्या सह्या, ईमेलचा पासवर्ड आणि सभागृहाची किल्ली नव्या माणसाकडे गेली आहे ना, ते समितीच्या बैठकीत नोंदवून घ्या.